गिअर गाडी बदलेल, लक्ष आपण ठेवायचं

ती. बाबा,


गाडी ठरली आणि तीही ऑटोमॅटिक, हे ऐकून फार बरं वाटलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत घडोघडी क्लच दाबताना तुमच्या कपाळावर उमटणारी आठी मला पाहवत नव्हती. आता तो पाय निवांत राहील.

तुम्ही फोनवर विचारलेला प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘गिअरबॉक्सला काही करावं लागत नाही, तेलसुद्धा आयुष्यभराचं आहे.’ आणि त्याच बैठकीत त्याने एक्सटेंडेड वॉरंटीचा फॉर्म पुढे सरकवला. ‘काही होणारच नसेल, तर हे पैसे कशाचे?’ असं तुम्ही मला विचारलंत. बँकेत आयुष्यभर कर्जाचे कागद तपासलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे आणि तो अगदी रास्त आहे. माझं रोजचं कामच गिअरबॉक्स उघडण्याचं, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या वयाची बरीच माणसं सध्या पहिल्यांदाच ऑटोमॅटिककडे वळतायत. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून पत्र छापायला देते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: गिअर टाकायचं काम गाडीकडे गेलं, काळजी घ्यायचं काम आपल्याकडेच राहिलं. आणि घेतलेली काळजी कागदावर नसेल, तर वॉरंटीच्या वेळी ती घेतलीच नाही असं धरलं जातं.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते बघू. आपल्या घरात पहिली ऑटोमॅटिक आईने आणली, आठवतंय? तिची कायनेटिक होंडा! १९८४ साली बाजारात आलेल्या त्या स्कूटरला गिअर टाकायची भानगडच नव्हती. दोन पुलींवरून रबरी पट्टा फिरायचा आणि पुलीच्या दोन चकत्या जवळ-लांब होतील तसा गिअरचा हिशेब आपोआप बदलायचा. मोटारीतली सीव्हीटी याच तत्त्वावर चालते, फक्त तिचा पट्टा पोलादी असतो. दुसरी जात एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने ती सेलेरिओत आणली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिच्यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, क्लच दाबण्याचं काम पायाऐवजी एक यंत्रणा करते. म्हणजे क्लचप्लेट तिथेही झिजतेच. तिसरी डीसीटी. तिला दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम. गिअर क्षणात बदलतो, पण क्लच कोरडे असले तर रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते लवकर तापतात. तुमची चौथी, टॉर्क कन्व्हर्टरची. तिच्यात इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. ही जात जुनी, मुरलेली आणि चांगली टिकाऊ आहे. तुम्ही योग्य निवड केलीत.

पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. परवा भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये अशाच एका गाडीचा गिअरबॉक्स आला होता. त्यातला क्लचपॅक आम्ही टेबलावर उघडला. त्यात पोलादी चकत्या आणि अस्तर लावलेल्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. अस्तर कागदाच्या जातीचं, तंतूंचं असतं. नव्या चकतीवर ते बदामी दिसतं. इथे ते काळं पडलं होतं आणि नख लावताच करपलेल्या पापडासारखं सुटून येत होतं. शेजारच्या पोलादी चकत्यांवर उष्णतेचे निळे डाग होते. लाल असायला हवं ते तेल तपकिरी झालं होतं आणि त्याला जळका वास येत होता. सर्व्हिसच्या पुस्तकात गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नोंद नव्हती. मालक सांगत होते, ‘दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसायचा. दर वेळी सांगायचो. ते म्हणायचे, या गाड्या अशाच असतात.’ हे सगळं तोंडी. जॉबकार्डावर एक ओळही नाही.

असं का होतं तेही सांगते. या गिअरबॉक्सचं तेल ताकद पुढे नेतं, दाब देऊन क्लच आवळतं, वंगण करतं आणि उष्णताही बाहेर काढतं. त्या दाबाचं नियंत्रण करणारी व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे आत बारीक वाटा कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्या वाटांमधून सरकणाऱ्या व्हॉल्व्हभोवतीची फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेल जळलं, त्यात कचरा आला की व्हॉल्व्ह अडखळतो, दाब कमी पडतो, क्लच पुरता आवळला जात नाही आणि घसरतो. घसरला की आणखी तापतो, आणि तापला की तेल आणखी जळतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

म्हणून ‘आयुष्यभराचं तेल’ या बोलण्यावर विसंबू नका. जर्मनीची झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी. ती स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी सांगते की तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला, आणि गाडी कमी चालली तरी आठ वर्षांच्या आत बदला. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. बहुतेक पुस्तकांत खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. घाट, कडक ऊन, गर्दीतली थोड्या थोड्या अंतराची धाव हे सगळं त्यातच मोडतं. तुम्ही दर आठवड्याला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाता, तेव्हा तुमची गाडी त्याच रकान्यातली समजा. तेल पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घाला. सीव्हीटीचं तेल टॉर्क कन्व्हर्टरला चालत नाही आणि टॉर्क कन्व्हर्टरचं सीव्हीटीलाही चालत नाही. पातळीसुद्धा ठरलेल्या तापमानाला बघायची असते, म्हणून हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये घाईत उरकू नका.

आता सवयींबद्दल. एक सवय तुम्हाला सोडावीच लागेल, बाबा. पुण्याहून परत येताना खंबाटकी उतरला की तुम्ही गाडी न्यूट्रल करता. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्याने थोडं पेट्रोल वाचायचं. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. आणि उतारावर गाडी आवरायला फक्त ब्रेक उरतो, तो तापतो. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये किंवा खालच्या गिअरमध्ये ठेवा. पेट्रोलपेक्षा मला तुमची आणि आईची काळजी जास्त आहे.

चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. डी म्हणजे पुढच्या गिअरवरून आर म्हणजे रिव्हर्समध्ये जाताना गाडी पूर्ण थांबू द्या. उतारावर पार्क करताना आधी ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक ओढा, मग पी म्हणजे पार्क टाका. नाहीतर साऱ्या गाडीचा भार आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतो. गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढून नेऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंपही बंद असतो आणि चाकं फिरली तरी आत तेल पोचत नाही. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी घालू नका. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरतं. तेल दुधाळ गुलाबी होतं आणि ते कागदी अस्तर पाणी शोषून सुटायला लागतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत बुडालेल्या गाड्या आपण पाहिल्या. पुराचं नुकसान सहसा वॉरंटीत येत नाही. त्यासाठी विम्यात इंजिन-गिअरबॉक्सच्या संरक्षणाची जोड घ्यावी लागते. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. चांगल्या कंपन्यांचेही गिअरबॉक्स फसतात. अमेरिकेत निसानने २००३ ते २०१० या वर्षांतल्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्स वॉरंटी पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली, कारण तक्रारी थांबत नव्हत्या. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या डीसीटीवाल्या फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट गाड्या थरथरत होत्या. काही ग्राहकांना ‘तुमची चालवण्याची पद्धत चुकते’ असं सांगण्यात आलं. तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एकट्या माणसाला ‘गाडी अशीच असते’ म्हणून परत पाठवणं सोपं असतं. तारीखवार लिहिलेल्या तक्रारींची थप्पी समोर आली की ते जमत नाही.

म्हणून माझं मत: एक्सटेंडेड वॉरंटी घ्या. गिअरबॉक्स बिघडण्याची शक्यता कमी आहे, पण बिघडला तर सर्व्हिस सेंटर बऱ्याचदा पूर्ण असेंब्लीच बदलायला सांगतं, आणि तो खर्च पेन्शनमधून झेपणारा नसतो. फक्त सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा. वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की डीलरने दुसऱ्या कुणाची विकायला ठेवलेली? मूळ वॉरंटी किती, आणि ही कुठपासून कुठपर्यंत? मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. अशी मूळ वॉरंटी असेल तर तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्यांना खरा लाभ पुढच्या वर्षांचा. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी पूर्ण होईल तिथे मुदत संपते, हे विसरू नका. तिसरं, गिअरबॉक्समधलं काय वगळलंय? क्लचप्लेटसारखे झिजणारे भाग बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. व्हॉल्व्ह बॉडी, सेन्सर आणि कंट्रोल युनिट धरलंय का, ते शब्दाशब्दाने वाचा. चौथं, सर्व्हिस किती दिवस पुढे गेली तर वॉरंटी रद्द होते? आणि पाचवं, गाडी विकली तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का? उत्तरं तोंडी घेऊ नका. वॉरंटीच्या पुस्तिकेतली ओळ दाखवायला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. झटका बसला, डी टाकल्यावर गाडी हलायला उशीर लागला, इंजिन गुरगुरतंय पण गाडी ओढत नाही असं वाटलं, तर वाट बघू नका. त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जा आणि तुमच्या शब्दांत, तारीख-किलोमीटरसकट तक्रार जॉबकार्डावर लिहून घ्या. सर्व्हिस ॲडव्हायझरला शेजारी बसवून फेरी मारा. ‘दोष आढळला नाही’ असं ते लिहिणार असतील, तर तेही लिहू द्या, पण प्रत घरी आणा. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदत संपल्यावरही तुमच्या बाजूने उभी राहते. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे दाद मागता येते, पण तिथेही पहिल्यांदा कागदच मागतात.

तुम्ही दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली ज्या शिस्तीने लावल्यात, तशीच एक फाइल या गाडीसाठी लावा. बिल, जॉबकार्ड, तेलाच्या नोंदी, वॉरंटीचं पुस्तक, सगळं एकाच ठिकाणी. शनिवारी मी साताऱ्याला येते. फॉर्मवर सही करण्याआधी आपण दोघं मिळून तो पहिल्या पानापासून वाचू, आणि मग शोरूममध्ये बरोबरच जाऊ.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू