मुळं नसलेल्याचं मूळ गाव

‘सर, तुम्ही मूळचे कुठले?’ उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून असेल, हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये नेहमी येतो.

मॉसला तर मुळंच नसतात! पावसाळ्यात आपल्या भिंतींवर जी हिरवी मखमल चढते, तिच्याच जातकुळीतलं टेट्राप्लोडॉन थंड प्रदेशात शेणावर, जनावरांच्या हाडांवर वाढतं. त्याचे चिकट बीजाणू माश्या नेतात. ते उत्तर अमेरिकेच्या उत्तरेला सापडतं आणि थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला. मधल्या उष्ण पट्ट्यात नाही.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएनएवरून दिसलं, की दक्षिणेतल्या मॉसचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी उत्तरेकडून एका उडीत आले. माशीच्या आवाक्यातलं हे अंतर नव्हे. संशय स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर आहे. त्याच वर्षी आर्क्टिकमधल्या अशा पक्ष्यांच्या पिसांत मॉसचे सूक्ष्म तुकडे सापडलेही. त्यांत अमेरिकन सोनचिखल्या होता. त्याचा भाऊबंद हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो.

दक्षिणेत रुजलेलं ते मॉस हळूहळू वेगळं झालं. आज त्याचं शास्त्रीय नाव टेट्राप्लोडॉन फ्युजिएनस, म्हणजे तिएरा देल फुएगोचं.