आईच्या मनगटावर दोन बोटं

ईसीजीच्या गुलाबी कागदावरची उंच टोकं डॉक्टरांनी पेनाने दाखवली. एक इथं, दुसरं लांब, पुढची दोन अगदी चिकटून. "आता टोकाच्या आधीची छोटी टेकडी शोध." मी शोधली. सापडेना! तिच्या जागी नुसती बारीक थरथर. त्या टेकडीपायी आठ दिवस मला धड झोप नाही.

आई केममध्ये कुंकवाच्या पुड्या भरते. दम लागतो, छातीत फडफडतं, म्हणायची. आम्ही वयावर ढकललं. कुर्डूवाडीला नेल्यावर नाव कळलं: एट्रियल फिब्रिलेशन.

अलिंद वर, निलय खाली, एवढं शाळेत घोकलं होतं. पण उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक पुंजका असतो, तिथून विजेची लहर निघते आणि ठोका पडतो, हे मला आत्ता कळतंय! आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तो जगापुढे मांडला. फ्लॅकला तो आधी दिसला मोल नावाच्या, जमिनीत बिळं करणाऱ्या इवल्याशा प्राण्याच्या हृदयात. केवढंसं ते हृदय!

आईच्या अलिंदात लहरी भलतीकडूनच उठतात, मिनिटाला ३५० ते ६००. सगळ्या खाली पोचल्या तर माणूस जगेल का? पण मधे एक गाठ आहे, सुनाओ तावारांनी १९०६ मध्ये वर्णन केलेली. ती रेल्वे फाटकासारखी उभी असते. एकीला सोडते, कधी दोघींना लागोपाठ, बाकीच्यांना अडवते. म्हणून आईची नाडी अशी अडखळत, धावत, थबकत चालते. आता तिच्या मनगटावर बोटं ठेवली की मला ते फाटक उघडताना, मिटताना कळतं!

हृदयाचा आजार म्हणजे नळ्या तुंबणं, असंच मी धरून चाललो होतो. इथं धोका निराळाच. थरथरणारं अलिंद नीट आकसत नाही. डाव्या अलिंदाला कानासारखी पिशवी असते, तिच्यात रक्त रेंगाळतं, गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, आणि ही शक्यता इतरांपेक्षा साधारण पाचपट. आई विचारते, "काही दुखत नाही, मग रोज गोळी कशाला?" मी तिला ती पिशवी कागदावर काढून दाखवली. रक्त गोठू न देणारी गोळी आता ती चुकवत नाही.

काल उत्तरेश्वराच्या देवळाच्या पायरीवर तात्यांचा हात धरला. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर. बहात्तर, एकसारखे.

"झालं का रे?"

"थांबा तात्या, अजून एकदा."