ही डोकेदुखी वेगळी!

मैत्रिणींनो, डोकं दुखलं तर आपण काय करतो? कपाळाला सुंठ उगाळून लावतो, कपभर चहा घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. माझी आईही तेच करी. एके दिवशी मात्र ती डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, एवढंच तेव्हा कळलं. गेल्या वर्षी थोरल्या ताईवर तीच वेळ आली आणि दुखण्याचं नाव कळलं: ॲन्युरिझम.

सायकलची ट्यूब विरली की तेवढ्याच जागी फुगते ना? तसाच मेंदूतल्या धमनीला फुगा येतो, बहुधा तिला फाटे फुटतात तिथे. शंभरात सुमारे ३ जणांना तो असतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो. पण घाबरू नका, बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत. फुटलाच, तर वीज कोसळावी तशी क्षणात असह्य कळ येते. उलटी होते, मान ताठते, उजेड सोसत नाही, कधी शुद्धही हरपते.

ताईला हे सगळं झालं. भावजींनी बाम शोधण्यात वेळ न घालवता तडक हॉस्पिटल गाठलं. सीटी स्कॅन झालं. मग जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांनी फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. ताई वाचली!

आई आणि बहीण दोघींनाही झालं म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "नसतं दुखणं कशाला उकरून काढायचं?" हे म्हणाले, "कळलेलं बरं." गेले. एम.आर.आय.मध्ये ३ मिलिमीटरचा फुगा दिसला. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू? पण एवढ्या लहान फुग्यावर लगेच शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टरांचं मत पडलं. रक्तदाब ताब्यात ठेवायचा आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तपासणी करायची. धूम्रपानही याला घातक असतं. मी शाळेत जाते, डबे भरते, हसते. धास्ती आहे, पण आता तिला नाव आहे, उपाय आहे.

रोजच्या डोकेदुखीचा बाऊ करू नका. पण अशी अचानक, कधी न अनुभवलेली कळ आली, तर "पोळ्या होऊ देत, मग बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा. आणि हे आजच घरातल्यांना सांगून ठेवा. त्या वेळी आपल्याला बोलता येईलच असं नाही.