हाताला काम विचारा

हाताच्या चिवट खाजेने कंटाळलेला माणूस आला की आधी अर्ध्या संपलेल्या मलमांच्या ट्यूबा टेबलावर मांडतो. मी त्या बाजूला सारतो आणि दोन्ही हात पुढे करायला सांगतो. खाज कुठे आहे, त्याइतकंच कुठे नाही हेही मला पाहायचं असतं.

थंडी पडली की वडोदऱ्यात उंधियूचे दिवस येतात. उत्तरायणापर्यंत दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतही ढिगाने लसूण सोलला जातो. अशा वेळी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्याच टोकांना चिरा दिसल्या, तर मी विचारतो, ‘‘ताई, सुरी उजव्या हातात ना?’’ पाकळी डाव्या चिमटीत असते. लसणातलं डायअलिल डायसल्फाइड तिथेच भिडतं, करंगळी सुटते. भांड्यांचा साबण मात्र बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली मुरतो. मकरपुऱ्यात लेथवर काम करणारा कूलंटला दोष देतो. खोदून विचारलं तर सुट्टीच्या वेळी तो थिनरने हात पुसत असतो.

एकाच तळव्याला कोंडा दिसला, की मी बूट काढायला लावतो. दोन्ही पावलांनाही तसंच असेल तर बहुधा नायटा. खरवडलेल्या कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. इथे स्टेरॉईड लावलं तर लाली उतरते आणि बुरशी फोफावते.

तरीही उलगडा झाला नाही, तर पॅच टेस्ट. संशयित पदार्थांच्या चकत्या 48 तास पाठीवर चिकटवायच्या, मग काढून दोनदा वाचायच्या. मे महिन्यातल्या घामात त्या टिकत नाहीत, म्हणून जमेल तेव्हा मी हिवाळ्याची वाट पाहतो.

कडियाकाम करणाऱ्याच्या पाठीवर पोटॅशियम डायक्रोमेटची चकती उठली, की मला पुढचं बोलणं जड जातं. सिमेंटमधल्या क्रोमियमची ही ॲलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते, आणि हातमोज्यात ओलं सिमेंट शिरलं तर मोजाच बाधतो. युरोपीय संघाने 2005पासून सिमेंटमधल्या विद्राव्य षट्‌संयुजी क्रोमियमवर 10 लाखांत 2 भाग अशी मर्यादा घातली. कारखान्यातच फेरस सल्फेट मिसळून ते निकामी करतात. काही हातांचं औषध दवाखान्यात नसतंच.

जे माझ्या हातात आहे, ते साधं आहे. सूज उतरेपर्यंत मोजके दिवस स्टेरॉईडचं मलम, प्रत्येक धुण्यानंतर व्हॅसलीन, रबरी मोज्याच्या आत सुती मोजा. कातडी वरून बरी दिसली तरी आतून कित्येक महिने कच्ची असते, म्हणून पथ्य तेवढंच लांबवायचं. ‘काम सोडा’ असं मी लिहीत नाही. रोजंदारीवरचा माणूस तो कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि परत येत नाही. त्यापेक्षा सिमेंट कालवण्याऐवजी विटा वाहण्याचं काम मागता येईल का, लसूण सुनेला सोलायला देता येईल का, यावर आम्ही घासाघीस करतो. ठरलेलं काय ते मी चिठ्ठीवर मलमाच्या नावाच्याही वर लिहितो.