अर्ध्या तासाचे नाटक

नाटक म्हणजे तीन अंक, तीन घंटा आणि मधल्या वेळात बटाटेवडा, अशी ठाम समजूत असलेल्या गिरगावातल्या घरातली मी. त्यामुळे लग्नानंतर १९७२ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला गेले आणि तिथल्या टेलिव्हिजनवर अवघ्या अर्ध्या तासाचे नाटक लागते असे कळले, तेव्हा मला हसूच आले. अर्ध्या तासात आमच्याकडे तिसरी घंटासुद्धा होत नसे! पण आमचे हे इस्पितळात रात्रपाळीला, बाहेर पाऊस, आणि शेजारीण हवामानापलीकडे बोलायची नाही. करायचे काय? बसले पाहत. पुढे पुढे अशी गोडी लागली की, नेमके त्या वेळेला कोणी भेटायला आले तर मनातून राग येई.

ही नाटके आमच्याच गावात तयार होत. 'पेबल मिल' ही बी. बी. सी. ची मोठी इमारत तिथे १९७१ साली सुरू झाली होती आणि लंडनबाहेरच्या लेखकांकडून नाटके लिहवून घेण्यासाठी एक स्वतंत्र खातेच निघाले होते. डेव्हिड रोझ हे त्याचे प्रमुख. १९७३ पासून पाच वर्षे त्यांच्या खात्याने 'सेकंड सिटी फर्स्ट्स' नावाची माला चालवली. 'सेकंड सिटी' म्हणजे लंडनखालोखालचे शहर, बर्मिंगहॅम. आणि 'फर्स्ट्स' म्हणजे पहिलेवहिले.

आता यात युक्ती काय होती पाहा. अर्धा तास, दोन-तीन जागा, चार-पाच पात्रे. खर्च बेताचा. नवख्या लेखकाचे नाटक पडले तरी बुडाले काय? अर्धा तास! पण ते पडू नये म्हणून हस्तलिखित घेऊन त्याच्याशेजारी बसणारा, हा प्रवेश पुन्हा लिही, ही बाई इतकी शहाणी बोलणार नाही, असे सांगणारा एक जाणता माणूस पगारावर ठेवलेला असे. लेखकाला मानधन मिळे आणि नाटक खरोखरच लाखो लोकांपुढे जाई. लिव्हरपूलकडचा ॲलन ब्लीसडेल नावाचा एक शाळामास्तर १९७५ साली असाच आला. पुढे १९८२ मध्ये बेकार मजुरांवरच्या त्याच्या 'बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' या मालिकेने सारा इंग्लंड हलवला. त्याला त्या पहिल्या अर्ध्या तासाला दारातूनच परत पाठवले असते, तर तो मुलांच्या वह्या तपासत राहिला असता, आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटले नसते.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटले ते १९७३ साली बर्मिंगहॅमच्या याच खात्याने केलेले तारा प्रेम यांचे 'अ टच ऑफ ईस्टर्न प्रॉमिस'. त्यातली माणसे सगळी आपल्याकडची. विनोदासाठी आणलेली नव्हेत. घरात वावरणारी, हट्ट करणारी, साधी माणसे. याची नवलाई आज कळणार नाही. पुढच्याच वर्षी तिथे एक विनोदी मालिका सुरू झाली, तिच्यात भारतीय 'बेअरर'चे काम एक गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून करीत होता, आणि बघणारे पोट धरून हसत होते. आपली गोष्ट आपण लिहिली नाही तर ती दुसरा कोणी तोंड रंगवून करतो, हे मला त्या दोन वर्षांत समजले.

डेव्हिड रोझ नंतर 'चॅनेल फोर'मध्ये गेले. तिथे त्यांच्या अमदानीत १९८५ साली, पाकिस्तानी बापाचा मुलगा हनीफ कुरेशी याची 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' ही पहिली पटकथा टेलिव्हिजनसाठी म्हणून चित्रित झाली आणि जगभर थिएटरांतून गाजली.

आम्ही १९७९ साली परत आलो. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले होते, आणि त्या काळी त्यावर एकेकटी नाटके होत असत. मग खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर रोजच्या मालिका. मी मालिकांना नावे ठेवणाऱ्यांतली नव्हे. मीही आवडीने बघते. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली मालवणी बोलू लागली तेव्हा माझ्या सासरची मंडळी हरखून गेली होती. पण रोजची मालिका ही आगगाडी आहे. नव्या लेखकाने तिच्यात चालत्या गाडीत चढायचे असते, आणि रूळ आधीच टाकलेले असतात.

हे मी एवढ्या ठसक्याने सांगते, कारण तशीच एक चढलेली मुलगी आमच्या घरची आहे. घरची म्हणजे, आमच्याकडे अठरा वर्षे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची. मावशी जालन्याकडच्या. मुलगी कॉलेजच्या एकांकिकांतून लिहू लागली, बक्षिसे मिळाली, आणि एका मालिकेच्या संवादलेखकाच्या हाताखाली कामाला लागली. रात्री दोनपर्यंत जागून बावीस मिनिटांचा भाग लिहायचा, सकाळी तो सेटवर पोहोचलाच पाहिजे. पैसे तीन महिन्यांनी. आणि पडद्यावर नाव येते ते वरच्या लेखकाचे. मी रोज चष्मा लावून, टीव्हीच्या पुढ्यात उभी राहून ती धावती अक्षरे वाचते. दीड वर्ष झाले, तिचे नाव काही आलेले नाही.

मालिकेत पोळ्यांची बाई आहे बरे का! ती चहाचा ट्रे घेऊन येते, दाराआड गुपित ऐकते आणि जाते. एकदा या मुलीने त्या बाईला चार वाक्ये दिली, आपल्या आईच्या बोलीत. वरून निरोप आला, "भाषा जरा साफ कर." साफ केल्यावर दोनच वाक्ये उरली आणि नंतर तीही गेली.

गेल्या चैत्रात तिने मला सव्वीस पाने वाचायला दिली. अर्ध्या तासाचे नाटक. जागा दोनच, जिना आणि स्वयंपाकघर. पोळ्या करणारी बाई चार घरी जाते. तिसऱ्या घरी एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ एक दिवस दार उघडीत नाहीत. तिने थांबायचे की चौथ्या घरी जायचे? तिथे खाडा धरतात. "आप्पा, दार उघडा की वो. मला पुढं खाडा पडंल," असे ती बंद दाराशी बोलत राहते. प्रथम चिडून, मग लाडीगोडीने, मग भिऊन. मी ती पाने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली. ओट्यावर दूध उतू गेले.

"पाठवलेस का कुठे?" मी विचारले.

"कुठे पाठवू, काकू? सगळे म्हणतात, याचे तीनशे भाग होतील का?"

पेबल मिलची इमारत २००५ साली पाडली. तिथले पोस्टाचे तिकीट आता उपयोगाचे नाही. आपल्याकडे २०१२ साली कायदा बदलला आणि लेखकाचा रॉयल्टीतला वाटा कोणाला सहजी लिहून घेता येईनासा झाला, हे खरे. पण वाटा मागायला आधी नाव तर लागले पाहिजे! म्हणून मी तिला पहिल्यांदा अंधेरीच्या पटकथालेखकांच्या संघटनेत संहितेची नोंदणी करायला लावली. त्यावर लेखिका म्हणून तिचे एकटीचे नाव आहे. फी मी देत होते. तिने घेऊ दिली नाही.

येत्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात नाटकाचे वाचन आहे. तिचे एकांकिकांतले सोबती वाचणार आहेत, ह्यांनी आप्पांचे खोकणे स्वतःकडे मागून घेतले आहे. पूर्वी दूरदर्शनवर काम केलेले आमच्या ओळखीचे एक गृहस्थही येतो म्हणाले आहेत. मावशी पुढच्या खुर्चीत बसून ऐकणार, तेव्हा त्या दिवशीच्या पोळ्या माझ्याकडे लागल्या आहेत. माणसे चौदा, कणिक किती घ्यावी, हे मी त्यांनाच विचारून ठेवले आहे.