थोरलीची दुसरी गिटार

पहिली गिटार घेताना कोणी फारसा विचार करीत नाही. मुलाने हट्ट धरला, बोनस हातात होता, पाच-सहा हजारांत चकचकीत वस्तू मिळाली, झाले. खरा प्रश्न दुसऱ्या गिटारचा असतो. मूल चार वर्षे टिकून राहिले, बोटांना घट्टे पडले आणि आता शिकविणारे सर सांगतात की हात वाद्याच्या पुढे गेला आहे. अशा वेळी किती खर्चावे आणि कशावर खर्चावे, हे आमच्यासारख्या पगारदार घराला समजून घ्यावेच लागते. आमची थोरली मुलगी गेल्या वर्षी या टप्प्यावर आली. आम्ही नवराबायकोने त्यासाठी जी पायपीट केली, ती इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आमच्या वडिलांच्या पिढीने वस्तीच्या गायन पार्टीत पेटी आणि ढोलकीवर रात्री जागविल्या. पण ती पेटी वर्गणीची, ढोलकीही वर्गणीची. एकट्या घराने एका मुलीच्या वाद्यावर पंचवीस-तीस हजार घालावेत, हे आत्याबाईंच्या पचनी पडेना. "एवढ्यात शिलाई मशीन येईल, पोटाला तरी लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. टंचाईत दिवस काढलेल्या माणसाचा हिशेब असाच असतो. मुलीने शनिवार-रविवारी तीन मुलांना शिकवून साठविलेले आठ हजार पुढे ठेवले. मग तिची आई म्हणाली, "अहो, मोरीची फरशी अजून वर्षभर चालेल. हिचं शिकायचं वय थांबणार आहे का?" पतपेढीचा अर्ज दुसऱ्या दिवशी भरला.

सरांनी मात्र आधी जुनी गिटार तपासायला लावली. हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळदा दोष वाद्यात नसतो, तारांच्या उंचीत असतो. मानेवरच्या बाराव्या पडद्यापाशी जाड तार आणि पडदा यांच्यात साधारण अडीच मिलिमीटर अंतर असावे. आमच्या गिटारला चार होते. म्हणून मुलीची बोटे सोलत होती. घोडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी घासली की तारा खाली येतात. बाराव्या पडद्याशी एक मिलिमीटर उतरवायचे तर पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते. काम थोड्या पैशांत झाले, बोटे सुखावली. पण आवाज डबक्यातल्या पाण्यासारखा बसका होता, तो तसाच राहिला. तेव्हा खात्री पटली की नवीन गिटार लागणारच.

आवाज बसका का? गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो. तारा हलतात, घोडी हलते, घोडीबरोबर ती पातळ फळी थरथरते. स्वस्त गिटारची फळी प्लायवूडची असते. आडव्या-उभ्या थरांत सरस भरून दाबलेली, म्हणून ताठ आणि मुकी. चांगल्या गिटारला अखंड लाकूड असते, बहुधा देवदाराच्या कुळातले स्प्रूस. एकच फळी मधून चिरून दोन पाने पुस्तकासारखी उघडून जोडतात. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल भोकाची कड निरखून पाहावी. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड, थर दिसले तर प्लाय. ही खूण कळली की दुकानातली निम्मी बडबड ऐकायची गरज उरत नाही.

धोबी तलावाकडच्या एका दुकानात विक्रेत्याने आमच्या चपलांकडे पाहिले आणि वरच्या ओळीतली गिटार काढलीच नाही. "वो आपके रेंज का नहीं है," म्हणाला. मुलीचा चेहरा उतरला. बसमध्ये तिला आम्ही मार्टिनची हकीकत सांगितली. आज मार्टिनची नावाजलेली गिटार घ्यायची तर काही लाख पडतात. तिचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या सॅक्सनीत कपाटे करणाऱ्या सुताराचा मुलगा. तिथल्या व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाचे म्हणणे असे की वाद्य घडविणे हा आमचा मान, सुतारांनी गिटारला हात लावू नये. भांडण सरकारदरबारी गेले. सुतारांचा हक्क टिकला, पण मार्टिनने १८३३ साली गाव सोडले आणि न्यूयॉर्क गाठले. कोणी कोणते काम करायचे हे जन्मावर आणि टोळीवर ठरविणारे लोक तिकडेही होते तर. मुलगी म्हणाली, "पप्पा, म्हणजे सुताराची गिटार आता आपल्याला परवडत नाही!" आणि हसली.

आणखी एक गंमत. त्या महागड्या गिटारांच्या पाठीला १९६९ च्या सुमारास ब्राझीलच्या लाकडाऐवजी आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातले शिसव लागू लागले. आजही लागते. शिसवी पलंग आणि झोपाळे आमच्या आजोबांनी पाटलाच्या वाड्यात, तेही ओट्याखालून पाहिले होते. असो.

दुसऱ्या दुकानातल्या माणसाने मुलीला दीड तास बसू दिले. आमच्यापुढे तीन गिटारी होत्या. एक चौतीस हजारांची, मानेवर शिंपल्यांची नक्षी, पोटात लाऊडस्पीकरला जोडायचे यंत्र, पण फळी प्लायची. एक अठ्ठावीस हजारांची, अगदी साधी, पुढची फळी अखंड स्प्रूसची, पाठ आणि बाजू प्लायच्या. तिसरी पन्नासच्या आसपास, सगळीच अखंड लाकडाची. मुलीच्या आईने पाठ फिरवून बसायचे ठरविले. मुलीने तिन्हींवर एकच चाल वाजविली. आईला संगीतातले काही कळत नाही असे ती स्वतः सांगते, पण नक्षीवाली तिने पहिल्याच खेपेस बाद केली. उरलेल्या दोन्हींत थोडाच फरक तिला लागला.

मग आम्ही घराचा विचार केला. अखंड लाकूड हवेतला ओलावा पिते. गिटार करणारे पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता सांगतात. आपल्या मुंबईत जुलैत ती ऐंशीच्या वर जाते. पोट फुगते, तारा पुन्हा वर चढतात. उलट मे महिन्यात नागपूरला सासुरवाडीला नेली तर कोरड्या हवेने लाकूड तडकायचे भय. ज्यांच्या घरी वातानुकूलित खोली आहे त्यांनी तिसरी घ्यावी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे भिंतीला ओल येते आणि त्याच खोलीत डाळ शिजते, तिथे प्लायच्या बाजूंची मधली गिटारच जास्त टिकेल, असे आमचे मत पडले. यंत्र काय, पुढेही बसविता येते. मुलीने प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून कुठे खरखर येते का ते पाहिले, मान एका डोळ्याने तोफेसारखी धरून सरळ आहे का ते पाहिले, आणि मधली उचलली.

आता ती जाड पिशवीत, ओलाव्याच्या भिंतीपासून दूर, कपाटावर असते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, नव्या बुटांच्या खोक्यांतून जमविलेल्या आणि काही विकत आणलेल्या. वाजवून झाले की तारा सुक्या फडक्याने पुसायच्या, हा नियम धाकट्यालाही पाठ आहे. पतपेढीचा हप्ता दरमहा दोन हजार शंभर, अजून चार राहिले आहेत. जुनी गिटार, घासलेल्या पट्टीसकट, शेजारच्या मावशींच्या नातवाला दिली. दर रविवारी सकाळी थोरली त्यालाही शिकविते, आणि पलीकडून आत्याबाई विचारतात, "आज उशीर का झाला?"