पेजमेकरसारखं काय आहे इथे?

आमच्या पुस्तकजुळणीच्या धंद्यातला माणूस लिनक्सवर आला की पहिला प्रश्न हाच विचारतो. मला तो पटत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्याला मराठी कधी कळलंच नाही. आपण फॉन्टच्या करामती करून ते त्याच्या गळी उतरवलं. मग त्याचा जुळा भाऊ कशाला शोधायचा?

पुस्तकांची जुळणी करणाऱ्याने आपलं सगळ्यात खट्याळ पान काढावं आणि तेच नव्या प्रोग्रॅममध्ये टाकून बघावं. माझ्या पानावर कऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, वाङ्मय, उद्ध्वस्त आणि दोन लांबलचक तळटिपा आहेत. पानं जुळवणाऱ्या स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं जुळतच नसत, १.५ मध्ये अक्षरजोडणीसाठी हार्फबझ आलं आणि चित्र पालटलं. लिबरऑफिसने तेच हार्फबझ ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळीकडे वापरलं.

मजकूर मी लिबरऑफिसच्या रायटरमध्येच लावतो. तळटिपा, अनुक्रमणिका, शैली सगळं तिथे निमूट चालतं. फक्त परिच्छेदाची भाषा 'मराठी' केली आहे ना, हे बघायचं. हिंदी राहिली, तर दोन्ही वळणं असलेला फॉन्टही दंडाचा ल आणि गाठीचा श देतो. मराठी केली की पाकळीचा ल, देठाचा श आपोआप येतात. शंभर जणांना फरक दिसणार नाही. मला दिसतो, आणि पुस्तकावर जुळणीकार म्हणून नाव माझं असतं. टंकायलाही त्रास नाही: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे मारलं, मग हलन्त आणि ह, की कऱ्हाडचा ऱ्ह तयार.

मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये, कारण छपाईचे चार रंग तिथे नीट सांभाळले जातात. छापखान्याला पीडीएफ लागते. ती कशात केली, हे कुणी विचारत नाही.

शुद्धलेखन तपासणारं हनस्पेल मुळात हंगेरियनसाठी लिहिलेलं. तीही आपल्यासारखी शब्दाला शेपट्या लावणारी भाषा, तरी 'घरासमोरच्यांनाही'सारख्या शब्दाखाली लाल रेघ उमटतेच. मी ती बंद ठेवतो. डोळे आहेत.

राहिल्या पेजमेकरच्या जुन्या फायली. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज ठेवलं आहे. पुनर्मुद्रण निघालं की मजकूर युनिकोडमध्ये आणतो. त्यात रफार हमखास शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, म्हणून मुद्रितं पुन्हा वाचावी लागतात. त्याचे पैसे वेगळे लावतो.